पाव्हण्यांची सपानं

"पाव्हणं, काय सपान पडलं?"

सकाळी खोलीचं दार उघडलं की समोर मामा उभे असायचे. उजव्या हातात चहाचा कप, त्यावर झाकण म्हणून बशी उपडी घातलेली, डावा हात पाठीमागं. चहात साखर किती, पंखा नीट चालला का, असलं काही नाही. पहिला प्रश्न हाच. नवखा माणूस बावचळायचा. काहींना वाटायचं, आपण झोपेत काहीतरी बरळलो आणि या माणसानं ते ऐकलं. एक जण तर चक्क दार लावून पुन्हा आत गेला आणि कपडे करूनच बाहेर आला.

तुम्हीही आयुष्यात कुठं कुठं उतरला असाल. लॉजवर, धर्मशाळेत, पाव्हण्यारावळ्यांकडं. झोप लागली का, एवढं लोक विचारतात. झोपेत काय दिसलं, हे तुम्हाला कुणी विचारलंय? मला मामांच्या आधी कुणी विचारलं नव्हतं आणि नंतरही नाही.

नळदुर्गाच्या अलीकडं, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून आमच्या सोसायटीचं लॉज होतं. त्या काळात सगळीकडं सहकाराचं वारं होतं. कुणी तेलघाणी काढली, कुणी दूध जमवायला लागलं. आमच्या चेअरमनच्या डोक्यात आलं की रस्त्यानं इतकी माणसं जातात, तुळजापूरचे भाविक किल्ला बघायला येतात, त्यांना पाठ टेकायला जागा पाहिजे. म्हणून बांधली एक बैठी इमारत, पुढं व्हरांडा, मागं स्वैपाकघर. मी सोसायटीत कारकून होतो. लॉजकडं लक्ष ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं, कारण ऑफिसात चेअरमन असायचे आणि लॉजवर मामा.

मामा हे काही कुणाचे मामा नव्हते. अंगानं काटक, डोक्याला पांढरा रुमाल, चालणं अगदी हळू, जणू शेजारच्या खोलीत कुणीतरी कायम झोपलेलं आहे. बोलणंही तसंच. त्यांना मोठ्यानं बोलताना मी ऐकलेलं नाही. व्हरांड्यात त्यांच्याबरोबर बसलं की आपलाही आवाज आपोआप उतरायचा, रस्त्यावरच्या ट्रकचे भोंगे लांबून कुठून तरी आल्यासारखे वाटायचे, आणि दुपार कशी सरली ते कळायचं नाही.

त्या प्रश्नामागं त्यांचं एक शास्त्र होतं. ते मला हळूहळू समजलं.

"तीन नंबरच्या मास्तरला परीक्षेचं सपान पडलं," एकदा ते चहाचा रिकामा कप घेऊन येत म्हणाले. "म्हंजे उशी उंच झाली. बदलाया पायजे."

"उशीचा आणि परीक्षेचा काय संबंध, मामा?"

"मान अवघडली की माणूस कुणाच्या तरी पुढं उभा ऱ्हातो, भाऊसाहेब. पळायचं सपान पडलं तर समजायचं, पांघरूण पायात गुतलंय. पडायचं पडलं तर बाजंची गाठ ढिली. पाण्याचं पडलं तर नळ टिपकतोय."

"आणि सगळं नीट असलं तर?"

"तर घरचं पडतं," मामा म्हणाले. "मानूस परक्या गावात झोपला, अन सपनात आपल्या घरी गेला, म्हंजे आपलं काम झालं."

आमचा आचारी नळदुर्गचाच. त्याला हे सगळं थोतांड वाटायचं. चुलीपुढून तो ओरडायचा, "मामू, सपने का क्या लेके बैठे? रोटी कैसी थी, वो पूछो ना." मामा मान डोलवायचे आणि पुढच्या खोलीकडं जायचे. पण खोटं कशाला बोलू, मास्तरची उशी बदलली, आणि दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाला की स्वप्नात त्याची म्हैस व्याली. मामांचा चेहरा असा खुलला की जणू ती म्हैस त्यांचीच.

हे कुठं शिकलात, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट सांगितली. त्यांच्या गावाजवळ तलावाच्या बांधाचं दुष्काळी काम निघालं होतं. मामा आणि त्यांची बायको दोघंही कामावर, ते खडी फोडायला आणि ती मातीची पाटी वाहायला. कामावरच्या ओव्हरसियरची रावटी होती. त्याला झोप लागायची नाही, आणि झोप झाली नाही की तो दिवसभर मजुरांवर खेकसायचा. एका दुपारी त्यानं मामांना अंथरूण झटकायला सांगितलं. मामांनी झटकलं, घातलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, कुणी बघत नाही असं बघून त्यावर स्वतः आडवे झाले. तर पाठीखाली सतरंजीच्या आत एक खडा. एवढासाच, पण बरोबर बरगडीला लागणारा.

"रोज झटकीत व्हते लोक. पण पडून कुणी बघितलंच न्हवतं," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ओव्हरसियर हसायला लागला, आणि तेव्हापासून मामांचा नियम पडला. पाव्हण्याला जे द्यायचं ते आधी आपण वापरून बघायचं. लॉजातल्या प्रत्येक खोलीत, प्रत्येक पलंगावर ते स्वतः झोपून बघायचे. कुठल्या खोलीत उन्हाची तिरीप डोळ्यावर येते, कुठल्या खोलीत मोरीचा वास येतो, हे त्यांना तोंडपाठ. सात नंबरची खिडकी वारा सुटला की वाजायची. तिच्या फटीत ते कागदाची घडी खोचायचे, आणि घडी पडली की पुन्हा खोचायचे. नवा नोकर आला की त्याला कामाला लावण्याआधी पाव्हणा करायचे. त्याला खुर्चीत बसवून चहा द्यायचे, पलंगावर झोपवायचे, सकाळी दार वाजवून स्वप्न विचारायचे. रानातून थेट आलेली पोरं, त्यांना आयुष्यात कुणी असा चहा दिलेला नसायचा. एक जण त्या खुर्चीत बसून रडला होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी. मामा बौद्ध होते. घरच्यांनी धम्म घेतला तेव्हा ते ऐन तरुण होते. त्यांच्या खोलीत बुद्धाची एक तसबीर होती आणि ती ते रोज स्वच्छ पुसायचे. लॉज सुरू होताना सोसायटीच्या बैठकीत कुजबूज झाली, की अंथरूण घालणार तेच, पाणी भरणार तेच, मग जुन्या वळणाची माणसं उतरतील का? चेअरमन तसे तिरसटच, पण त्या दिवशी म्हणाले की ज्याला उतरायचं नसेल त्यानं पुढं उमरग्याला जावं. मला त्या वेळी चेअरमनचा अभिमान वाटला, हे कबूल करतो. पुढं फार वेळा वाटला नाही.

लातूरकडचा एक म्हातारा व्यापारी होता. पहिल्यांदा आला तो तांब्याच्या कळशीत स्वतःचं पाणी घेऊन, आणि पलंग सोडून खाली स्वतःच्या सतरंजीवर झोपला. सकाळी मामांनी विचारलं, "काय सपान पडलं?" म्हातारा म्हणाला, "तुला काय करायचंय?" मामा बाहेर येऊन मला म्हणाले, "फरशी गार लागली त्यांना." दुसऱ्या खेपेला तो पलंगावर झोपला. तिसऱ्या खेपेला त्यानं स्वतःच दार उघडून मामांना हाक मारली आणि लहानपणी मेलेल्या भावाचं स्वप्न अगदी बारीकसारीक सांगितलं. दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे होते, एक आत, एक बाहेर. पाणी मात्र त्यानं शेवटपर्यंत स्वतःचंच आणलं. मला राग यायचा. मामा म्हणायचे, "असू द्या. झोप तरी आपली घेतली."

एकदा कुठल्याशा कॉलेजातून एक अभ्यासक आला. मुसाफिरांना सेवा कशी मिळते यावर त्याचं संशोधन होतं. जाड चष्मा, खांद्याला झोळी, आणि जेवताना सुद्धा प्रश्न. खोली कशी, जेवण कसं, नोकर कसे बोलतात, उत्तम, बरे की वाईट, असं तो प्रत्येकाला विचारायचा. मामांना त्याचं फार कौतुक वाटलं. आपल्यासारखाच कुणीतरी सकाळी दारोदार प्रश्न विचारत फिरतोय, याचा त्यांना आनंद झाला असावा. दोघं मिळून निघायचे. आधी मामा स्वप्न विचारायचे, मग तो बाकीचं.

आठवड्याभरानं त्यानं सांगितलं, "मामा, सगळं उत्तम आहे. पण टॉवेलला सगळ्यांनी वाईट म्हटलंय."

मामा दचकले. टॉवेल त्यांनी कधी वापरूनच बघितला नव्हता. ते स्वतः पंच्यानं अंग पुसायचे. त्याच दिवशी त्यांनी लॉजातला एकेक टॉवेल घेतला आणि त्यानं स्वतःचं तोंड पुसून बघितलं. संध्याकाळपर्यंत त्यांचे गाल लाल झाले. खळ घालून वाळवलेले ते टॉवेल नुसते पत्रे होते. "एवढी वर्षं म्या लोकांस्नी ह्यानं पुसाया लावलं," असं ते दोन दिवस म्हणत राहिले. अभ्यासक जायला निघाला तेव्हा मामांनी त्याला स्वप्न विचारलं, तर तो म्हणाला की त्याला स्वप्नं पडत नाहीत. मामा त्याच्यासाठी हळहळले. "लई शिकतोय बिचारा," म्हणाले.

आणि कूलरची गोष्ट तर आजही आठवली की मी एकटाच हसतो.

पाऊसपाण्याची बरी वर्षं होती. पर्यटनाचे कुणी साहेब मुंबईहून किल्ला बघायला येणार, त्यांच्या मनात भरलं तर इथं सरकारी मदतीनं मोठं यात्री निवास होईल, अशी बातमी आली. चेअरमननी सोलापूरहून कूलर मागवले. वाळ्याचे पडदे लावलेली ती पत्र्याची मोठी पेटी आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. साहेब संध्याकाळी येणार होते. मे महिन्यातली दुपार. मामा म्हणाले, "नवी चीज हाय. आधी बघाया पायजे." नियम म्हणजे नियम. कूलर सुरू केले. एका पलंगावर मामा आडवे झाले, दुसऱ्यावर आचारी, पलीकडच्या खोलीत झाडू मारणारा गडी आणि मी. दहा मिनिटं बघू, असं ठरलं.

वाळ्याचा तो ओला वास, ती घुमणारी हवा. तुम्ही मराठवाड्यातल्या मे महिन्यात कधी राहिला असाल तर मला पुढचं सांगायची गरज नाही.

साहेब लवकर आले. जीप कधी आली, दारं कुणी वाजवली, काही कळलं नाही. मला जाग आली ती कुणाच्या तरी खोकण्यानं. बाहेर येऊन बघतो तर चेअरमन घामाघूम, लालबुंद, आणि मामांच्या खोलीच्या दारात धुळीनं माखलेले साहेब आतल्या पलंगाकडं बघत उभे. आचारी तोंड उघडं टाकून घोरत होता. मामा खडबडून उठले, दारात पाव्हणा दिसला, आणि सवयीनं तोंडातून गेलंच, "काय सपान पडलं?"

साहेबांनी बूट काढले. "अजून पडायचंय," ते म्हणाले.

आचाऱ्याला हलवून उठवलं, चादर बदलली, आणि साहेब झोपले ते दिवेलागणीलाच उठले. किल्ला बघायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशी त्यांना पुढं जायचं होतं. पुढं त्यांच्या अहवालात आमच्या किल्ल्याबद्दल दोन ओळी आणि कूलरबद्दल अर्धं पान होतं, असं ऐकलं. यात्री निवास काही झालं नाही. चेअरमन महिनाभर लॉजकडं फिरकले नाहीत. पण साहेबांनी जाताना मामांना आपलं स्वप्न सांगितलं होतं. कोकणातलं त्यांचं घर, मागची विहीर आणि रहाटाचा आवाज. मामांच्या मते दौरा फत्ते झाला होता.

त्याच सुमारास एका सकाळी मी त्यांना उलटा प्रश्न विचारला. इतकी वर्षं ते सगळ्यांना विचारत होते, त्यांना कुणीच विचारलं नव्हतं.

"मामा, तुम्हाला काय पडलं?"

ते व्हरांड्यात चादरींच्या घड्या घालत होते. हात थांबले.

"पडतं काय काय. पण घरचं न्हाय पडत," ते म्हणाले. "गाव पाण्यात गेलं तवापासनं एकदा बी न्हाय."

तेव्हा मला बाकीची हकीकत समजली. ज्या तलावाच्या बांधावर त्यांनी खडी फोडली, त्याच तलावात पुढं त्यांचं गाव गेलं. सरकारनं वरच्या माळावर नवं गाव वसवलं. मामांनी आपली तिथली जागा भावाला दिली. लेक तेर गावी दिलेली होती. बायको तलाव भरायच्या आधीच, बांधाचं काम चालू असताना, त्या जुन्या घरातच तापानं गेली.

"पलंग बदलून बघितले," मामा सांगत होते. "समद्या खोल्यांत निजून बघितलं. उशी बदलली, दिशा बदलली. झोप लागती, पण घर दिसत न्हाय. अन घर न्हाय दिसलं तर ती कुठनं दिसणार? ती इथं कशी येईल, भाऊसाहेब? तिनं लॉज बघितलंच न्हाय. तिला वाट म्हायती न्हाय."

सगळ्या खोल्यांत झोपून बघण्याचं दुसरं कारण मला त्या दिवशी समजलं. मी एका चादरीचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही तिची घडी घातली. त्यानंतर मी त्यांना तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. धीरच झाला नाही.

मग पुन्हा दुष्काळ आला. एक पावसाळा कोरडा, दुसराही तसाच. बोरी नदीत वाळू तेवढी राहिली. किल्ल्यातल्या पाणीमहालात बसून धबधबा बघायला माणसं यायची, ती यायची बंद झाली. लॉजवर टँकर यायचा, तोही आला तर. नळ कोरडे ठणठणीत. आणि तरीही सकाळी जो तो पाण्याचंच स्वप्न सांगायचा. ट्रकवाल्याला नदी दिसायची, सोनारीच्या जत्रेहून आलेल्या भक्ताला बारव दिसायची, पंपाच्या विक्रेत्याला समुद्र. मामांचं सगळं शास्त्र कोलमडलं. "नळ तर टिपकत न्हाय," असं पुटपुटत ते खोल्याखोल्यांतून फिरायचे.

पण त्या उन्हाळ्यात मामांच्यात एक बदल झाला. आठवडी सुट्टीच्या दिवशी ते सकाळच्या गाडीनं कुठंतरी जायचे आणि परत आले की त्यांच्या चपला चिखलमातीनं भरलेल्या असायच्या. तलाव आटत होता. गाव वर येत होतं.

"देवळाचा कळस दिसाया लागला," एका आठवड्यात म्हणाले. पुढं चावडीचा ओटा दिसला. मग शाळेची भिंत, पाटलाच्या वाड्याची जोती.

"तुमचं घर?"

"आमची वस्ती सखलात, भाऊसाहेब. पाण्यात आधी गेली, वर याया शेवटी."

उन्हाळा संपत आला. रोज सगळं गाव आभाळाकडं बघायचं. मामा मात्र बघायचे नाहीत. एकदा पश्चिमेला ढग जमले, माणसं रस्त्यावर येऊन उभी राहिली, आणि मामा आत जाऊन पाठमोरे बसले. मी जवळ गेलो.

"मनात येतं, आठ दिस पडू नगं," ते खाली बघत म्हणाले. "पाखरं मरायल्यात, जनावरं छावणीला बांधल्यात, अन माज्या मनात हे येतं. मला लाज वाटती."

मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली, की पाऊस पडला नाही याचं मलाही क्षणभर बरं वाटलं. ढग तसेच पुढं गेले.

त्याच आठवड्यात सोसायटीनं लॉज बंद करायचं ठरवलं. पाणी नाही, पाव्हणे नाहीत. ज्यानं त्यानं पावसापर्यंत आपापल्या घरी जावं. आचारी किल्ल्याच्या वेशीजवळच्या घरी गेला, गडी जळकोटला. मामांनी सगळे पलंग झाकले, सात नंबरच्या खिडकीत नवी घडी खोचली, अंथरुणाची वळकटी खांद्यावर टाकली.

"म्या बी घरी जातो," म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

दहा-बारा दिवस गेले असतील. बोअर घेणारी मंडळी यंत्राची गाडी घेऊन तालुक्यात आली आणि त्यांनी मुक्कामासाठी लॉज मागितलं. टँकर त्यांचाच होता. चेअरमन म्हणाले, मामांना घेऊन या. मी एसटीनं निघालो, फाट्यावर उतरलो आणि बांध ओलांडून तलावात उतरलो.

तलावात उतरलो म्हणजे चालत. पायाखाली भेगाळलेली जमीन, मोठमोठ्या खपल्या, मधूनच शिंपले. देऊळ, चावडी, पायऱ्या, सगळं एका रंगाचं, मातीचं. माणूस नाही, झाड नाही, सावली नाही. उन्हात सगळं हलत होतं. मला काही काळ वाटलं की मीच कुणाच्या तरी झोपेतून चालतोय. पार खालच्या अंगाला एक काळी गोधडी चार काठ्यांवर ताणलेली दिसली.

मामांनी मला लांबूनच ओळखलं. "या, भाऊसाहेब. आत या."

आत म्हणजे कुठं, तर गुडघ्याएवढ्या जोत्याच्या आत. त्यांनी गाळ काढला होता, जमीन झाडून सारखी केली होती. "उखळावरनं घर वळखलं," म्हणाले. आणि खरंच, कोपऱ्यात जमिनीत पुरलेलं दगडी उखळ होतं. "ही हितं बसायची."

मला त्यांनी आधी पाणी दिलं. तळाशी झिरा खणून, कपड्यानं गाळून भरलेलं, मडक्यातलं पाणी. मग गोधडीच्या सावलीत अंथरूण घातलं. लॉजातल्यासारखंच, चादरीचा कोपरा दुमडून.

"पडा जरा. ऊन लई हाय. मग निघू."

"तुम्हाला दिसलं का काही, मामा?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "रोज निजतो. काय न्हाय. नुसतं काळं."

मी आडवा झालो. पाठीखाली एकही खडा नव्हता. शेजारी त्यांनी टॉवेल अंथरला आणि तेही कलंडले. वारा असा नव्हताच, पण कुठून तरी ओल्या मातीचा वास येत होता. मला झोप लागली.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. मामा अजून झोपलेले होते. इतकी वर्षं बरोबर काढली, पण त्यांना असं शांत झोपलेलं मी कूलरच्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले. मला बघितलं, उखळाकडं बघितलं. मी धीर केला.

"मामा, काय सपान पडलं?"

"लॉजचं पडलं," ते म्हणाले, थोडे चिडूनच. "मरणाच्या उन्हात हितं येऊन निजलो, अन पडलं काय, तर लॉजचं."

"काय दिसलं?"

"सकाळ व्हती. म्या चहा घेऊन निघालो. सात नंबरचं दार वाजवलं." ते उठून बसले. "दार उघडलं तर ही."

मी त्यांच्याकडं सरकलो.

"केस इस्कटल्याले. आत्ताच उठल्यावानी. म्हणलं, तुला वाट कशी घावली? तर हसली. म्हणली, तुमीच तर अंथरूण घालून दिलं की."

मामा बोटानं उखळातली माती उकरत होते. बराच वेळ उकरत राहिले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. सवय. म्हणलं, काय सपान पडलं?"

"काय म्हणाल्या?"

"घरचं, म्हणली."

त्यांनी उखळ हातानं साफ केलं आणि रुमाल सोडून डोळे पुसले. मीही दुसरीकडं बघत माझे पुसले. मग ते उठले, गोधडी सोडली, वळकटी बांधली. "बोअरवाली मानसं अंगानं मोठी असत्यात," म्हणाले, "त्यांस्नी बारक्या उशा चालायच्या न्हाईत." बांधावर चढेपर्यंत त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. वर आल्यावर मात्र थांबले आणि आभाळाकडं तोंड करून म्हणाले, "आता येऊ दे."

पाऊस पुढं झाला. तलाव भरला, गाव पुन्हा खाली गेलं. मामा ते बघायला गेले नाहीत. सात नंबर ते अगदीच गर्दी असली तरच कुणाला द्यायचे. एरवी ती खोली रोज झाडलेली, अंथरूण घातलेलं, आणि सकाळी सगळ्यांचे चहा झाले की एक कप घेऊन ते तिकडं जायचे. आचारी सुद्धा त्यावर कधी काही बोलला नाही.

काही वर्षांनी थकले, तेव्हा लेक त्यांना तेरला घेऊन गेली. तिथंच ते गेले. मला कळलं ते चार दिवसांनी. सोसायटी बुडाली, लॉज रिकामं पडलं, आणि रस्ता रुंद झाला त्यात ते पाडलं. आता तिथून गाड्या भरधाव जातात. कूलर नाही, व्हरांडा नाही, वाजणारी खिडकी नाही.

मी अजून अधूनमधून एसटीनं त्या रस्त्यानं जातो. नळदुर्ग जवळ आलं की माझा डोळा लागतोच, वयामुळं असेल. पुढं गाडी गचका देते, जाग येते, आणि शेजारी कुणी अनोळखी माणूस मोबाइलमध्ये बघत असतो. मी जरा वेळ तसाच थांबतो. कुणी काही विचारत नाही. माझं उत्तर तयार असतं.